वाचकांचे प्रश्न : एकर, गुंठे आणि तीन उत्तरं

प्रश्न : सर, मी वाळवा तालुक्यातली, सांगलीत बीएस्सी स्टॅटला आहे. प्रोजेक्टला गावातल्या उसाचा डेटा घेतला, क्षेत्र एकरात, क्षेत्र गुंठ्यात, खताची पोती, पाण्याच्या पाळ्या आणि कारखान्याला किती टन गेला ते. मल्टिपल लिनिअर रिग्रेशन (बाकीच्या कॉलमवरून टनांचं सूत्र बसवणं) केलं तर आर या स्टॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये गुंठ्यासमोर एनए (म्हणजे आकडाच नाही), पायथॉनमध्ये नमपाय लायब्ररीने एकराचा कोइफिशंट (सूत्रातला गुणक) जवळजवळ शून्य दिला, आणि सीमध्ये मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने भलतेच अवाढव्य आकडे काढले. टनांचे अंदाजपण जुळत नाहीत. बरोबर कोण?

उत्तर : अगं, 40 गुंठ्यांचा एकर हे तुला माहितीये, पण तू एकच गोष्ट दोन कॉलममध्ये दिलीस, मग टनांचं श्रेय एकराला किती नि गुंठ्याला किती याची वाटणी हवी तशी करता येते, एकच असं उत्तर उरतच नाही. आर नंतर आलेला कॉलम सरळ बाजूला काढतं आणि एनए लिहितं. नमपायचं लीस्ट स्क्वेअर्स (अंदाजातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारं) फंक्शन एसव्हीडी या मॅट्रिक्स फोडायच्या पद्धतीने सोडवतं आणि असंख्य उत्तरांपैकी ज्यात कोइफिशंटच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ते उचलतं. समज खरा हिशोब एकरी 40 टनांचा आहे, तर ते एकराला 0.025 आणि गुंठ्याला 0.9994 देईल, आता गुंठ्याच्या आकड्याला 40 ने गुणून त्यात 0.025 मिळव, आले की 40! म्हणजे चूक नाहीये, फक्त व्हायवात "क्षेत्राचा परिणाम शून्य" असं सांगू नकोस म्हणजे झालं.

सीमध्ये तू एक्स ट्रान्सपोज एक्सचा (एक्स म्हणजे तुझ्या कॉलमांचं मॅट्रिक्स) इन्व्हर्स काढला असणार, पुस्तकात फॉर्म्युला तसाच असतो ना. इथे इन्व्हर्स नाहीच, पण राउंडिंगमुळे पिव्हट (ज्या आकड्याने भागायचं तो) शून्य न होता बारीकसा कचरा उरतो आणि त्याने भागलं की आकडे आभाळाला टेकतात. गुंठे काढलेस तरी हा फॉर्म्युला सोडच, त्यात कंडिशन नंबरचा (बारीक चूक किती पट वाढू शकते त्या आकड्याचा) वर्ग होतो आणि डबलमध्ये (सीमधल्या दशांश आकड्यांच्या प्रकारात) मुळात 15-16 अंकच भरवशाचे. जुनं दुखणं आहे हे, 1967 साली लाँगली नावाच्या संशोधकाने अमेरिकेचा 16 वर्षांचा आर्थिक डेटा घेऊन तेव्हाचे प्रोग्रॅम असेच तपासले होते, तो डेटा आरमध्ये त्याच्याच नावाने आहे, तुझ्या प्रोग्रॅमला देऊन बघ. त्या फॉर्म्युल्यापेक्षा क्यूआर ही मॅट्रिक्स फोडायची पद्धत वापर, आरचं रिग्रेशनचं फंक्शन एलएम तेच करतं, सीमधून लापॅक या तयार लायब्ररीला कॉल करता येतो.

अंदाज जुळत नाहीत ते इंटरसेप्टमुळे, म्हणजे सगळे कॉलम शून्य धरले तरी सूत्रात उरणाऱ्या स्थिर आकड्यामुळे. आर तो आपणहून लावतं, नमपायला सगळे 1 असलेला कॉलम तुलाच जोडायला लागतो, पायथॉनच्याच स्टॅट्समॉडेल्स लायब्ररीतल्या ओएलएस या रिग्रेशनला मॅट्रिक्स दिलास तरी तेच, आणि तिथे इंटरसेप्ट नसला की आर-स्क्वेअर (सूत्र किती नीट बसलं ते सांगणारा आकडा) वेगळ्या पद्धतीने काढतात, तो उगाच फुगलेला दिसतो.

बाकी आडसाली (दीड वर्षाचा ऊस) की खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेला) हा कॉलम कुठाय? माझ्या मते पोत्यांपेक्षा तो महत्त्वाचा. आर त्याचे डमी (प्रत्येक गटाचा 0-1 चा कॉलम) करताना एक गट आपणच वगळतं, पायथॉनमधल्या पांडाजचं गेट डमीज फंक्शन सांगितल्याशिवाय वगळत नाही, म्हणजे इंटरसेप्ट लावलास की परत एकर-गुंठ्याचंच लफडं. आणि एक्सेलमध्ये ताळा करणार असशील तर त्यातलं रिग्रेशनचं फंक्शन लिनेस्ट कोइफिशंट उलटे देतं, शेवटच्या कॉलमचा आधी, इंटरसेप्ट सगळ्यात शेवटी.