कंट्रोलरची तुलना त्याच्याच खोक्याशी करा

प्रश्न : सोलापुरात मी आणि धाकटा भाऊ भाड्याच्या गाळ्यात तीन स्क्रीनचं गेम पार्लर चालवतो. घर त्यावरच चालतं, नोकर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑनलाइन चार वायरलेस कंट्रोलर घेतले, प्रत्येकी ३,४९९ रुपये. खोक्यावर ‘२० तासांपर्यंत बॅटरी’ असं छापलंय, पण पहिल्या पंधरवड्यापासून आठ तासांवर कधी गेले नाहीत, आता सहावर आलेत. मे २०२५ पासून तिघांची डावी स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) ड्रिफ्ट होते, हात न लावता खेळाडू एका बाजूला सरकतो. चौथाही तसाच होता, तो भावाने उघडून साफ केला. सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं : बॅटरी झिजणारा भाग, तिची वॉरंटी सहा महिनेच, स्टिक ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे खराब’. विक्रेता उत्तर देत नाही, वेबसाइट म्हणते सात दिवसांची परतीची मुदत संपली. सोबत इतर कंपन्यांच्या कंट्रोलरशी तुलनेचा तक्ता जोडला आहे. गिऱ्हाईक तुटल्याचे दोन लाख मागता येतील का?

उत्तर : तुमचं पत्र, तक्ता आणि तिन्ही व्हिडिओ नीट पाहिले. तक्ता मेहनतीने केलाय. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर दोन एए सेलवर चालतो आणि कंपनी ४० तासांपर्यंतचा दावा करते. निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरचा दावाही साधारण ४० तासांचा. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची बॅटरी १५६० एमएएचची असूनही कंपन, ट्रिगरचा ताण आणि स्पीकर सुरू असले की ती लवकर उतरते. सगळं बरोबर आहे. तरीही हा तक्ता ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीला जोडू नका.

कारण तुमचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या मालापेक्षा कमी चालतो, हा कायद्याच्या नजरेत दोष नाही. कमी पैशात कमी चालणारी वस्तू विकायला कुणालाही मोकळीक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ची व्याख्या आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा राखायला हवा, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे ज्या दर्जाचा दावा केला, त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. खोक्यावरची ओळ, वेबसाइटवरचं चित्र, विक्रेत्याचं चॅटमधलं उत्तर, सगळं त्यात येतं. तेव्हा तुमच्या कंट्रोलरशेजारी ठेवायचं ते त्याचंच खोकं. ते माळ्यावर असेल तर आजच खाली काढा आणि कुणाला रद्दीत देऊ देऊ नका.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुम्ही पत्रात बॅटरीला पुढे ठेवलंय आणि ड्रिफ्टला मागे. मी तक्रार लिहिली तर क्रम उलटा करीन.

बॅटरीच्या दाव्यात ‘पर्यंत’ हा शब्द आहे आणि समोरचा वकील त्यालाच लटकणार. शिवाय तो म्हणेल, पार्लरमध्ये रोज दहा-बारा तास वापर, रोज चार्जिंग, वर्षात तीनशेवर फेरे झाले, लिथियमची बॅटरी झिजणारच. बॅटरी झिजते हे खरंच आहे. पण तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते असं सर्वसाधारणपणे धरतात. २० तासांचे ८० टक्के म्हणजे १६ तास. सहा तासांचं कारण नुसती झीज होऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तुमचा नोव्हेंबर २०२४ मधला चॅट. विक्रेत्याला तुम्ही लिहिलंत, ‘फुल चार्ज करूनही आठ तासच चालतोय’ आणि तिकडून आलं, ‘दोन-तीन वेळा चार्ज केल्यावर सुधारेल’. तेव्हा माल नवा होता, झिजेचा प्रश्नच नव्हता. तुमच्या सगळ्या कागदांत बॅटरीपुरता हाच खरा पुरावा आहे. वेबसाइटवर बारीक अक्षरात ‘कंपन व दिवे बंद असताना’ असं लिहिलंय, पण खोक्यावर ते नाही. फसव्या जाहिराती रोखण्यासाठीची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की बारीक अक्षरातल्या खुलाशाने मूळ दाव्याला छेद देता येत नाही किंवा महत्त्वाची माहिती लपवता येत नाही. हा मुद्दा मांडू, पण दुसऱ्या क्रमांकावर.

ड्रिफ्टचं तसं नाही. तुमचा दुसरा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. कंट्रोलर टेबलावर, आजूबाजूला कुणाचा हात नाही, भिंतीवरचं घड्याळ दिसतंय आणि पडद्यावरचा खेळाडू हळूहळू डावीकडे सरकत जाऊन कुंपणाला टेकतो. हे पाहणाऱ्या आयोगाच्या सदस्याला तांत्रिक ज्ञान लागत नाही.

कारणही साध्या शब्दांत सांगता येतं. बहुतेक स्वस्त आणि अनेक महागड्या कंट्रोलरमध्ये स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूची बारीक पाती घासत फिरते आणि स्टिक कुठे आहे ते त्यावरून कळतं. पट्टी झिजली, तिची काळी भुकटी आत साचली की स्टिक मध्यावर असूनही यंत्राला ती सरकलेली वाटते. तुमच्या भावाने कापसाच्या बोळ्याने जे काळं पुसून काढलं ते बहुधा हेच. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर असतात, काही घासतच नाही, म्हणून त्या प्रकारची झीजही होत नाही. ‘हाताळणीमुळे खराब’ म्हणायचं तर आदळल्याची, पाणी गेल्याची खूण दाखवावी लागेल. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर तशी एकही नोंद नाही. एकदम घेतलेल्या चारही नगांची तीच स्टिक एकाच सुमारास बिघडते, यावरून संशय हाताळणीपेक्षा बांधणीकडे जातो.

उघडलेला चौथा नग लपवू नका. तक्रारीत स्पष्ट लिहा, की तो भावाने उघडला, त्याच्या स्टिकबद्दल मागणी नाही. उरलेल्या तिघांना मात्र स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवालाला साधारण ४५ दिवसांची मुदत असते आणि तपासणीचं शुल्क आधी तुम्हालाच भरावं लागतं.

आता खरी अडचण. पार्लर म्हटलं की सामनेवाला पहिल्याच परिच्छेदात लिहील, ‘तक्रारदार ग्राहकच नाही, खरेदी व्यापारी हेतूची आहे’. बिलावर तुमच्या दुकानाचं नाव आहे, त्यामुळे हा आक्षेप येणार हे धरूनच चाला. पण कलम २(७) च्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंच सांगितलं : स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहक आहे, ती फक्त दुसऱ्याकडून चालवून घेणारा नाही, हाताखाली एक-दोन माणसं मदतीला असली म्हणून ग्राहकपण जात नाही. तुमचा भाऊ त्या मदतीच्या माणसांत बसतो. मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्स विरुद्ध राघचंद असोसिएट्स या निकालाने आणखी एक आधार दिला : व्यापारी हेतू होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो आक्षेप घेणाऱ्यावर आहे.

तरी धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. कंट्रोलर प्रत्यक्ष हातात घेतात ती तुमची गिऱ्हाइकं, तुम्ही नव्हे. यावर आयोग तुमच्या विरोधात जाऊ शकतो. गाळ्याचा भाडेकरार, शॉप ॲक्टचा कागद, घरात दुसरं उत्पन्न नाही असं शपथपत्र, हे सुरुवातीलाच जोडा. तक्रार तरीही फेटाळली गेली, तर वस्तू विक्री कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जाता येतं आणि आयोगापुढे प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो. लक्ष्मी इंजिनिअरिंगमध्ये न्यायालयाने ती वाट मोकळी ठेवली होती.

म्हणूनच ते दोन लाख मागू नका. कळकळीने सांगतो, कारण तुमचं नुकसान झालंय हे मला दिसतंय. पण ‘गिऱ्हाईक तुटलं, धंदा बुडाला’ असं तुम्ही सहीनिशी लिहिलंत की व्यापारी हेतूचा पुरावा समोरच्याला तुम्हीच दिलात. तीन कंट्रोलरचे १०,४९७ रुपये व्याजासह परत, चौथ्याच्या बॅटरीबद्दल वाजवी भरपाई, मानसिक त्रास आणि तक्रारखर्चाची माफक रक्कम, एवढंच मागा. उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं, प्रकरणही जोडू नका. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान आणि आर्थिक तोटा वगळलेला आहे.

वॉरंटी कार्डावर ‘व्यावसायिक वापरास लागू नाही’ असं कलम आहे का, ते तुमच्या फोटोत वाचता येत नाही. असेल तर खरेदीच्या वेळी वेबसाइटवर ती अट दाखवली होती का, ते बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने वॉरंटीची माहिती तिथे द्यायची असते. खोक्यात सापडलेली अट खरेदीनंतर वाचायला मिळाली, असं आपल्याला म्हणता येईल. याच नियमांत, दोष असलेला किंवा जाहिरातीप्रमाणे गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असंही आहे. सात दिवसांची परतीची मुदत ही त्यांची सोय झाली, कायद्याने दिलेला हक्क तिने संपत नाही.

आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्याचं कर्तव्य आहे. सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. त्याच दिवशी विक्रेता, आयातदार आणि वेबसाइट अशा तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्याच्या स्टिकरवर, किमतीशेजारी असतो. खोकं जपा म्हटलं ते यासाठीही.

दरम्यान बॅटरीची चाचणी करून ठेवा. तिन्ही नग पूर्ण चार्ज करा, एकदा कंपन बंद, एकदा सुरू. सुरू केल्याची आणि बंद पडल्याची वेळ घड्याळासकट मोबाइलवर घ्या आणि वहीत लिहा. प्रत्येकाची तीनदा तरी. व्हिडिओ आणि चॅटसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल, तो फोन विकू नका.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच करता येईल. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे दाखल करण्याची मुभा कलम ३४ देतं, कंपनी कुठलीही असो. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, मराठीत लिहिली तरी चालते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ड्रिफ्ट मे २०२५ चा असला तरी बॅटरीची उणीव पहिल्या पंधरवड्यातली आहे, म्हणून मोजणी खरेदीपासून धरा आणि ऑक्टोबर २०२६ च्या आत दाखल करा.

तोवर पार्लरला नवे कंट्रोलर लागतीलच. तुमचा तक्ता तिथे कामाला येईल. रोज दहा तासांच्या वापराला माझ्या मते सेल बदलता येणारा कंट्रोलर बरा, रिचार्जचे एए सेल दोन जोड्या ठेवले की खेळ थांबत नाही आणि सेल दमले तर सेलच बदलायचे. स्टिक हॉल इफेक्टची आहे का, ते विक्रेत्याला चॅटमध्ये विचारा. उत्तर आलं की लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि बिल या वेळी स्वतःच्या नावावर घ्या.