घर मोठं बदलापूरला, शाळेचा फोन मात्र तुम्हालाच

‘ताई, आम्ही नाशिक रोडला राहतो. मिस्टर सरकारी बँकेत अधिकारी आहेत, त्यांची बदली मुंबईत बीकेसीला झाली आहे. माझी कंपनी आजवर घरून काम करू देत होती, आता आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात या म्हणते. थोरली आठवीत आहे, धाकटा तिसरीत, दोघंही सेमी-इंग्रजीला. भाडं २६ हजारांच्या वर झेपणार नाही. मिस्टरांनी बदलापूरला मोठा टू बीएचके हेरून ठेवलाय. रविवारी गाडीने जाऊन बघून आलो. रस्ता मोकळा होता, खिडकीतून डोंगर दिसतो, हवा छान. नणंद डोंबिवलीत असते, तिचं म्हणणं आमच्या शेजारी या. सासरे म्हणतात मुलांना हलवूच नका, तो पंचवटी एक्स्प्रेसने अपडाउन करेल. मला ऐरोली बरी वाटते, पण तेवढ्या पैशात घर लहान मिळतं, आणि “तुझ्या ऑफिसपायी सगळ्यांनी दाटीवाटीने राहायचं का” हे ऐकून घ्यावं लागतं. थोरली काहीच बोलत नाही. काय करू?’
— एक गोंधळलेली आई, नाशिक रोड

ताई म्हणून हाक मारलीत, तर धाकट्या बहिणीशी बोलावं तसं स्पष्टच बोलते. बदलापूरला जाऊ नका. ऐरोली बघा, आणि तिथे मुलीच्या शाळेचं जमलं नाही तर डोंबिवली.

बदलापूर वाईट आहे असं मुळीच नाही. मुंबईत काम करणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना स्वतःचं हक्काचं घर तिथेच घेता आलं. पण ते गाव सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे आणि तुम्ही ते रविवारी, गाडीतून पाहिलंत. रोजचं बदलापूर मंगळवारी सकाळी आठला फलाटावर दिसतं. कुर्ल्यापर्यंत लोकलचा तासाभराहून जास्त प्रवास, पुढे बीकेसीसाठी शेअर रिक्षा नाहीतर बस, आणि ऑफिसच्या वेळेला कुर्ला पश्चिमेला रिक्षाची रांग. दारापासून खुर्चीपर्यंत दोन तास धरा. संध्याकाळी गाडी कुर्ल्याला येते तीच भरून. सीएसएमटीला चढलेल्याला बसायला मिळण्याची आशा तरी असते, कुर्ल्याला चढणाऱ्याने बसायचं नाव काढू नये. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून खाली पडली, जीव गेले, ती याच मार्गावर. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण मिस्टर ‘लोकलचं काय, सवय होते’ म्हणाले, तर कशाची सवय ते त्यांना ठाऊक असू दे.

आता तुमच्या पत्रात जे लिहिलेलंच नाही, त्याबद्दल. दुपारी एकला शाळेतून फोन आला की ‘मुलाला ताप आहे, घेऊन जा’, तर कोण जाणार? मिस्टर बीकेसीतून निघणार नाहीत, निघाले तरी पोचेपर्यंत शाळा सुटलेली असेल. म्हणजे तुम्हीच. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाणे, ठाण्याला गाडी बदलून बदलापूर. दुपारच्या वेळी बदलापूरच्या गाड्याही लांब लांब असतात. एकदा-दोनदा निभेल, तिसऱ्यांदा तुम्ही नोकरी सोडायचा विचार कराल. अशी किती पत्रं माझ्याकडे येतात! सुरुवातीला सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, घर मोठं मिळालंय, बघू, जमेल. मग वर्षभरात बाईचा पगार बंद होतो आणि मोठ्या घराचं भाडं एकाच्या पगारातून जायला लागतं. घर कुठे घ्यायचं हे ठरवताना नकाशावर पहिली खूण शाळेच्या फोनला जो उत्तर देणार त्याच्या ऑफिसची करायची. तुमच्या घरात ती खूण ऐरोलीवर पडते. ‘तुझ्या ऑफिसपायी’ या टोमण्याला हे उत्तर आहे, आणि ते भांडून द्यायचं नाही, कागदावर वेळा मांडून द्यायचं.

मिस्टरांचेही ऐरोलीहून फार हाल नाहीत. ऐरोलीहून ठाणं दहा-बारा मिनिटं, तिथून कुर्ला. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलही असतात. थोडं आधी पोचलं तर बसायलाही मिळतं. सगळं धरून सव्वा ते दीड तास.

आणि पावसाळा आहेच. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे थांबते, हार्बरही थांबते. ठाणे-वाशी-पनवेल ही ट्रान्स-हार्बर त्या भागातून जातच नाही. घर आणि ऑफिस दोन्ही ऐरोलीत असतील तर तुम्हाला तर लोकलही लागणार नाही. मिस्टर एखाद्या रात्री बीकेसीत अडकतील, पण मुलांजवळ कुणी मोठं नाही अशी वेळ येणार नाही. तिकडे बदलापूरला उल्हास नदीचं पाणी काय करतं ते जुलै २०१९ मध्ये साऱ्यांनी टीव्हीवर पाहिलं, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी होती.

घर लहान मिळेल, हे खरं. २६ हजारांत ऐरोलीत तुम्हाला हवा तसा टू बीएचके मिळेल असं सांगून मी फसवणार नाही. वन बीएचके, किंवा सिडकोच्या जुन्या वसाहतीतलं बेताचं घर. पुढचं स्टेशन रबाळे, त्यापुढचं घणसोली, तिथेही विचारा. नववीत जाणाऱ्या मुलीला अभ्यासाला दार लावता येईल असा एक कोपरा हवा, तेवढा हट्ट धरा. बाकी कपाटं, दिवाण, लग्नातलं शोकेस नाशिकलाच राहू द्या. एमआयडीसीच्या बाजूला घर बघत असाल तर रात्री दहानंतर एकदा तिथे उभ्या राहा, कंपन्यांचा वास दिवसा कळत नाही. पाण्याचं एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा: टँकर येतो का, मे महिन्यात किती वेळा? मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं आहे हे खरं, पण तुमच्या इमारतीच्या टाकीत किती येतं ते वॉचमनलाच माहीत.

मिस्टर सरकारी बँकेत आहेत, मग एक गोष्ट मला पत्रात दिसली नाही. बँकेचे क्वार्टर्स किंवा लीजवर घर मिळण्याची सोय त्यांनी विचारली का? बदलीच्या अधिकाऱ्याला ती बहुधा असते आणि त्याच्या हद्दी, मर्यादा ठरलेल्या असतात. हे आधी विचारा. २६ हजारांचा आकडाच कदाचित बदलेल. आणि बँकेची नोकरी म्हणजे पुन्हा बदली, त्यामुळे ‘भाडं वाया जातं, त्यापेक्षा घेऊनच टाकू’ हा विषय वर्षभर काढू देऊ नका. डोंबिवली-कल्याण पट्ट्यात तर मुळीच घाई नको. महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, खोटी प्रमाणपत्रं दाखवून उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये त्या पाडायचे आदेश निघाले. त्यात राहणाऱ्यांनी पैसे खरेच मोजले होते.

आता शाळा, आणि खरी घाई इथेच आहे. धाकट्याची काळजी कमी करा. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क दिलाय, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. थोरलीला ते संरक्षण नाही. ती जूनमध्ये नववीत जाईल, म्हणजे जागा आहे की नाही हे मुख्याध्यापकांच्या हातात. सेमी-इंग्रजीची नववी अनेकदा भरलेली असते, शिवाय मुंबईच्या आसपास मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होताहेत. म्हणून आधी घर आणि मग शाळा हा क्रम उलटा करा. एप्रिल उजाडायच्या आत ऐरोली, रबाळे, घणसोलीतल्या राज्य मंडळाच्या शाळांना समक्ष जा, फोनवर ‘जूनमध्ये या’ एवढंच ऐकायला मिळतं. गुणपत्रिका बरोबर ठेवा. नववीची जागा पक्की झाली की त्या शाळेपासून चालत अंतरावर घर शोधा. दोन्ही मुलं एका शाळेत बसली तर उत्तमच, नाही बसली तरी धाकट्याची शाळा तिच्या वाटेवरची असावी.

आणि सीबीएसईला टाकायचा मोह होईल, कारण तिथे जागा दिसतील. नववीत मंडळ आणि माध्यम एकदम बदलू नका. मुलगी कितीही हुशार असो, दहावी दोन वर्षांवर आहे.

जमलंच नाही तर डोंबिवली. तिथे जुन्या, चांगल्या मराठी शाळा आहेत, नणंद आहे, गुढीपाडव्याची शोभायात्रा आहे, संध्याकाळी फडके रोडवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच. मुलांना गाव मिळतं, आणि ही गोष्ट मी लहान मानत नाही. शाळेचा फोन नणंद घेऊ शकेल का, हे मात्र तिला मोकळेपणाने विचारा. ‘शेजारी या’ म्हणणं आणि महिन्यातून दोनदा भाच्याला शाळेतून आणणं यांत फरक आहे. राहायचं तर स्टेशनपासून चालत, पूर्वेला किंवा पश्चिमेला, पण एमआयडीसीच्या कंपन्यांपासून लांब. मे २०१६ आणि मे २०२४ मधले स्फोट डोंबिवलीकर विसरलेले नाहीत. तुम्हाला तिथून ठाण्याला बदलून ऐरोली जमेल. सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरणं हीच काय ती परीक्षा. नणंदेला विचारा, कित्येक जण आधी उलट कल्याणला जाऊन, जागा पकडून, मग मुंबईकडे निघतात. त्याचीही वेळ धरा.

सासऱ्यांच्या पंचवटीबद्दल. पंचवटीचे पासहोल्डर पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत, त्यांना माझा नमस्कार. पण तुमचे मिस्टर त्या गाडीने गेले तरी तुमचं ऐरोली सुटत नाही. मुलं नाशिकला ठेवायची तर तुम्हा दोघांपैकी निदान एकाने दोन वर्षं मुलांशिवाय राहायचं, असा त्याचा अर्थ होतो. तो निर्णय घ्यायचाच तर आत्ता, आणि थोरलीची दहावी होईपर्यंत निभवायचा. पुढच्या वर्षी, ती दहावीत असताना, ‘आता सगळे जाऊ’ म्हणाल तर तिला शाळा मिळणं कठीण, आणि मिळाली तरी बोर्डाच्या वर्षात नवे शिक्षक, नव्या मैत्रिणी. त्यामुळे एक तर हा जून, नाहीतर अकरावी.

थोरली बोलत नाही म्हणता. तिच्या मागे ‘तुला कुठे आवडेल?’ करत फिरू नका, चार मोठी माणसं भांडत असताना चौदा वर्षांची मुलगी कुणाची बाजू घेणार? तिला एका मंगळवारी सुट्टी टाकायला लावा आणि दोघीच या. बाबांना, आत्याला, आजोबांना बरोबर घेऊ नका. सकाळी ठाण्याला उतरा, ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जा, दोन शाळा बघा, सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा. मुली कशा बाहेर पडतात, एकट्या की घोळक्याने, हे ती तुमच्याआधी टिपेल. वडापाव खा. परतीच्या गाडीत ती काय बोलेल ते ऐका आणि मध्ये सल्ला देऊ नका. नाशिकची एखादी गोष्ट तिला सोडवत नसेल, मैत्रीण, क्लास, खेळ, तर ती तेव्हा कळेल. त्यातलं काय ऐरोलीत मिळू शकतं ते शोधायला तुमच्या हातात अजून महिने आहेत.

मिस्टरांनाही एक दिवस द्या. ऑफिसला रुजू होण्याआधी त्यांना संध्याकाळी साडेसहाला कुर्ल्याहून बदलापूर लोकल पकडायला सांगा, बॅग आणि डबा घेऊन. वाद घालायची गरज पडणार नाही.

घर ठरलं की अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून घ्या, नुसत्या नोटरीवर भागवू नका. सुरुवात मेच्या शेवटी धरा, म्हणजे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतील तोवर मुलांना वाटा पाठ होतील. आणि एक महिन्याच्या नोटिशीने घर सोडता येईल, हे कलम त्यात लिहून घ्या. मालक नको म्हणाला तर दुसरं घर बघा.