सासूबाई म्हणाल्या, ‘ही तर आपली गोधडी!’

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या रविवारी लेकीच्या सरांनी बोलावलं म्हणून कोरेगाव पार्कात एका प्रदर्शनाच्या ओपनिंगला गेलो होतो. विषय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जगणं, आणि एका भिंतीवर अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी शिवलेल्या क्विल्टचे मोठाले फोटो. सासूबाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या, “अगंबाई, ही तर आपली गोधडी!” सगळे वळून बघायला लागले, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांना घेऊन बाहेरच आले. त्यांचं चुकलं का? आणि या लोकांना निग्रो म्हणायचं की काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, त्यांचं काहीसुद्धा चुकलं नाही. हे कुणीतरी मांडी घालून हातानं शिवलंय, कुणीतरी अंगावर घेऊन झोपलंय, हे त्यांना बघताक्षणी कळलं. तुम्ही त्यांना बाहेर आणलंत याचंच मला वाईट वाटलं.

फक्त गोधडीपाशी थांबू नका, ओळखीचं दिसलं की आपण खूश होतो आणि पुढचं बघतच नाही. जीज बेंडमध्ये कितीतरी जणांचं आडनाव पेटवे आहे, कारण त्यांचे पूर्वज ज्या मळेवाल्याचे गुलाम होते त्याचं ते आडनाव. गावाला तीन बाजूंनी नदी. १९६२ साली तिथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडे कॅम्डेनला जायला लागले तर फेरीबोटच बंद केली, ती परत सुरू झाली २००६ साली! म्हणजे ४४ वर्षं नुसती नदी ओलांडायला लांबचा वळसा. मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून क्विल्ट शिवली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. अशा कपड्यांच्या क्विल्टमध्ये विटलेल्या कापडावर मधेच एखादा गडद चौकोन दिसतो, तिथे आधी खिसा असतो किंवा गुडघ्याचं ठिगळ. ते शोधा.

निग्रो नको, हबशी तर मुळीच नको. कृष्णवर्णीय म्हणा, ब्लॅक म्हणा, आणि त्याहून बरं म्हणजे शिवणारीचं नाव घ्या.

आणि परकं तर अजिबात वाटून घेऊ नका. आपल्या गंज पेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, मग पुण्याच्या बाईला तिथे बोलायला संकोच कसला?

ओपनिंगला भाषणं, चहा, गर्दी, बघणं होतच नाही. एखाद्या मधल्या वारी दुपारी परत जा, सासूबाईंना घेऊन, त्यांचा चष्मा आठवणीनं घ्या. उभं राहून पाय दुखले तर खुर्ची मागा, देतात.