गिटारची केबल घेताना प्लग उघडून बघ

भावा, आधी लांबी ठरव. घरी रेकॉर्डिंगला ३ मीटर बास. साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपच्या (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाच्या) गिटारला केबल जितकी लांब, तितकी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) जास्त आणि आवाजातली धार कमी. माईकला मात्र तीन पिनांची बॅलन्स्ड (बाहेरची खरखर कापणारी) एक्सएलआर केबलच घे.

कोल्हापुरात राजारामपुरीत घे नाहीतर शाहूपुरीत, दुकानदाराला प्लगचं टोपण फिरवून उघडायला सांग. सोल्डर चकचकीत हवं, शील्डची (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी) जाळी नीट जोडलेली हवी, आणि केबल क्लॅम्पमध्ये इतकी घट्ट की ओढली तरी ताण सोल्डरवर येऊ नये. मोल्डेड (केबलवरच एकसंध ओतलेला) प्लग नकोच, आतून तुटला की उघडता येत नाही. सोन्याच्या मुलाम्याला जादा पैसे घालवू नको. स्पीकरची केबल गिटारला अजिबात लावू नको, तिला शील्ड नसते, नुसती घरघर ऐकू येईल. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लग कोरड्या फडक्यानं पुसत जा.