वाचकांचे प्रश्न : द्युफीची रेघ, माटोळीची फळं आणि प्लायवूड

प्रश्न : फ्रेंच चित्रकार राऊल द्युफीच्या चित्रांत रंगाचा डाग एकीकडे आणि रेघ दुसरीकडे असते. चवथीसाठी माटोळीतल्या (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीतल्या) फळांचे ठसे करून मांजरपाटावर तसंच छापलं, तर पाहणारे म्हणतात, ‘छपाई हललीय.’ शिवाय रंग फुटतो, कडेबाहेर पसरतो, तो वेगळाच. कुठे चुकतंय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ठसा तुम्ही फार थोडा सरकवलाय. दोन-तीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला चूकच वाटतो. दहा सेंटिमीटरच्या फळाची रेघ निदान दीड सेंटिमीटर डागाबाहेर जाऊ द्या, तीही दर वेळी एकाच बाजूला नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डागाचा ठसा फळाच्या कडेवरून कापूच नका. द्युफीच्या रंगाला स्वतःचा आकार असतो, तो रेघेची सावली नव्हे. तोरिंजनाला (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) नुसता पिवळा ओबडधोबड ठोकळा पुरे. देठ, सुरकुत्या, पान हे सगळं रेघेच्या ठशाचं काम.

हे द्युफीला कापडाने शिकवलं, असं आमचं मत. १९११ साली अपोलिनेर या कवीच्या प्राण्यांवरच्या कवितांसाठी त्याने लाकडात चित्रं कोरली. ती पाहून पॉल प्वारे या पोशाखकाराने त्याला पॅरिसमध्ये कापडछपाईचा छोटा कारखाना काढून दिला. पुढच्याच वर्षी तो ल्योंच्या बियांकिनी-फेरिए या रेशीमवाल्यांकडे गेला आणि १९२८पर्यंत त्यांच्यासाठी नमुने करत राहिला. रंग आणि रेघेची फारकत त्याच्या चित्रांत ठळक होते ती याच काळात.

आता फुटण्याचं. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, ती गेल्याशिवाय रंग सारखा बसत नाही. लिटरमागे दोन-तीन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चिमूटभर साबणपूड घालून तासभर उकळा, खळखळून धुवा, पूर्ण वाळवा. श्रावणात ‘वाळलंय’ म्हणून घेतलेलं कापड बहुतेक वेळा दमटच असतं. छापण्याआधी इस्त्री फिरवा. शंभर ग्रॅम बाइंडरला (रंग कापडाला धरून ठेवणारं चिकट माध्यम) तीन ते पाच ग्रॅम रंग पुरतो. गडद हवा म्हणून जास्त घातलात तर तो धरत नाही, घासला की हाताला लागतो. फिक्सर (रंग पक्का करणारं द्रव्य) एक-दोन टक्के. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. मिश्रणात पाणी घालू नका, कडा पसरण्याचं निम्मं कारण तेच.

आधी डाग छापा. तो बोटाला चिकटेनासा झाल्यावरच रेघ. मे महिन्यात अर्ध्या तासात जमतं, पावसात चार-पाच तास धरा आणि पंखा लावा. ओल्या डागावरची रेघ फुटणारच. शेवटी उलट्या बाजूने कडक इस्त्री, प्रत्येक भागावर चार-पाच मिनिटं, सतत फिरती. नुसत्या उन्हाने बाइंडर पक्का होत नाही. पहिली धुलाई तीन दिवसांनी.

मोठ्या सपाट डागात पांढरे ठिपके राहत असतील तर दोष हाताचा नाही. रुंद लाकूड रंग सारखा धरत नाही. जुने ठसेकार अशा जागी लाकूड खणून नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा) बसवत. जाड फेल्ट चिकटवूनही काम होतं.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर द्युफीच्या ‘वीजपरी’च्या धर्तीवर प्लायवूडवर चित्र करायचं आहे. पावसाळ्यात टिकेल?
— एक कलाशिक्षिका, मडगाव

उत्तर : मूळ चित्रही प्लायवूडवरच आहे. पॅरिसच्या १९३७च्या प्रदर्शनातल्या वीज-दालनासाठी द्युफीने ते केलं : १० मीटर उंच, ६० मीटर लांब, २ बाय १.२० मीटरच्या २५० फळ्या. रेखाटनं दिव्याच्या यंत्राने फळ्यांवर पाडून मोठी केली, माणसं आधी उघडी काढली आणि मग त्यांना कपडे चढवले. रंगाचं माध्यम होतं मारोजे या तज्ज्ञाने बनवलेलं, लवकर वाळणारं आणि जलरंगासारखं पारदर्शक.

तुम्ही दहावा हिस्सा करा, म्हणजे ६ बाय १ मीटर. आठ बाय चार फुटी तीन फळ्यांतून १.२० बाय १ मीटरचे सहा तुकडे निघतात. पाच लागतील, सहाव्यावर रंग तपासा. प्लाय १२ मिलिमीटरचं, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचं घ्या. प्रायमरचे हात दोन्ही बाजूंना सारखेच द्या. पुढे तीन आणि मागे शून्य असलं की फळी पहिल्याच पावसात धनुष्यासारखी वाकते. पाणी शिरतं ते कडांतून, म्हणून कडांना एक हात जास्त. दोन फळ्यांत तीन मिलिमीटर फट ठेवा. ती पुट्टीने बुजवू नका, चिरा पडतात. भिंतीपासून वीस-पंचवीस मिलिमीटर पट्टी देऊन हवा खेळती ठेवा, नाहीतर मागून बुरशी येते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

प्रश्न : पणजीत दिसतात तशा आझुलेज (पोर्तुगीज धर्तीच्या रंगवलेल्या, चकचकीत) फरशांवर द्युफीची शैली जमेल का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : जमेल. द्युफीने योरेन्स आर्तिगास या कातालान कुंभकाराबरोबर फरशा आणि भांडी केली. घडवणं-भाजणं आर्तिगासचं, रंगवणं द्युफीचं. मात्र न भाजलेल्या ग्लेझची (फरशीवरच्या चकाकीच्या थराची) भुकटी कुंचल्यातलं पाणी क्षणात शोषते. रेघ अडखळली की तिथेच जाड डाग पडतो, खोडता येत नाही. रंग दुधाइतका पातळ ठेवा, लांब केसांचा कुंचला घ्या आणि खांद्यापासून हात चालवा. बिघडलीच तर ग्लेझ खरवडून पुन्हा चढवावं लागतं.