गोकर्णीचं आच्छादन आणि चारा: बी का उगवत नाही आणि कापणी कुठून करायची

तुमचे प्रश्न दोन: बागेच्या ओळींमध्ये टाकलेली गोकर्णी दहातली दोनच का उगवली, आणि आच्छादन व चारा दोन्ही एकाच वेलातून निघेल का.

उगवण न होण्याचं कारण बहुधा टणक बी. ताज्या गोकर्णीच्या बियांचं कवच पाणी आत घेत नाही. वर्षभर साठवलेलं बी त्यामानाने बरं उगवतं. चकाकी जाईपर्यंत बी खरखरीत पॉलिश पेपरवर घासा, मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढून त्याच दिवशी ओल्या जमिनीत टोका. न फुगलेलं परत घासा. उकळतं पाणी ओतण्याचा उपाय सांगतात, पण त्यात चांगलं बीही शिजतं. फुगलेलं बी कोरड्या मातीत पडलं तर तेही गेलंच.

५० सेंटीमीटरच्या ओळी, २० सेंटीमीटरवर दोन बिया, खोली २ ते ३ सेंटीमीटर. किलोत साधारण २० ते २५ हजार बिया बसतात, म्हणजे एकरी साडेतीन-चार किलो पुरे. बियाला चोळायचं जीवाणूसंवर्धक (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जीवाणू) चवळी गटाचं घ्या. दीड महिन्याने एक रोप उपटून मुळावरची गाठ कापा: आतून गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. तोवर तण मात्र हातानेच काढावं लागतं, कारण वेलाने जमीन पुरती झाकलेली नसते. काळ्या जमिनीत चांगला येतो, पण पाणी साचून राहिलं तर मूळ कुजतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: निघेल, पण एकाच कापणीतून नाही. कापून नेलेल्या पाल्याबरोबर नत्रही जातं. फुलोरा सुरू होताना जमिनीपासून १५ सेंटीमीटर सोडून कापा. एक कापणी गोठ्याला, पुढची जागेवरच पसरा. बुंध्याशी कापलं किंवा जनावरं मोकळी सोडली तर वेल संपतो, कारण ती हाच वेल आधी शोधून खातात. पक्व शेंगांसकट चारा देऊ नका, बी रेचक असतं. वाळवताना पानं गळतात, म्हणून उलथापालथ दवात करा.

झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा आणि दर पंधरवड्याला वर चढणारे शेंडे खाली ओढा. बियाण्यासाठी शेंगा तपकिरी होताच खुडा. वाळल्या की तडकून बी उडतं.