ध्रुवावर जाण्याआधी गंगापूर धरणात जाळं ओढ

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अंटार्क्टिकाच्या समुद्रातले जीव मोजायचे आहेत, तर सराव गंगापूर धरणातच सुरू कर. जलसंपदा विभागाची परवानगी मात्र आधी काढ.

५० सेंटिमीटर व्यासाचं, २०० मायक्रॉन छिद्रांचं प्लवक-जाळं घे; प्लवक म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव. तोंडाचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. समुद्रात ते १०० मीटरवरून सरळ वर ओढलं, तर हिशोबाने १९.६ घनमीटर पाणी गाळलं जातं. प्रत्यक्षात उन्हाळ्यात डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, इतके माजतात की जाळी तुंबते आणि पाणी तोंडावरूनच बाजूला सरतं. म्हणून तोंडात प्रवाहमापक बांध आणि आधीचा-नंतरचा आकडा लिही. किती पाण्यात किती जीव, हे कळलं नाही तर यंदाची मोजणी पुढच्या वर्षीच्या मोजणीशी ताडता येत नाही. थंडीत मापकाचा पंखा गोठून अडकतो आणि आकडा कमी दाखवतो, तेव्हा दर वेळी बोटाने फिरवून बघ.

क्रिल (कोळंबीसारखा समुद्री जीव) सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतं, चपळ असतं, लहान जाळं चुकवतं. तुझ्या जाळ्यात ते आलं नाही म्हणून 'क्रिल नाही' असं लिहू नकोस. त्यासाठी मोठं जाळं आणि १२० किलोहर्ट्झचा प्रतिध्वनिमापक, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जीव शोधणारं यंत्र, लागतं.

जाळीला चिकटलेले जीव खाली उतरावेत म्हणून जाळं बाहेरून धुवायचं. इथे धरणाचं पाणी चालतं, तिथे समुद्राचंच हवं. गोड्या पाण्याने मऊ जीव फुगून फुटतात. इथली सवय तिथे घात करते.

सर्वांत जपायचं ते नमुना टिकवताना. अर्धा भाग ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेव, ओळख पटवण्यासाठी. त्यात आम्ल मारणारा बोरॅक्स हवाच. नाहीतर फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं आणि टेरोपॉड, म्हणजे पोहणाऱ्या इवल्या समुद्री गोगलगायींचे शंख विरघळवतं. थंड समुद्राचं आम्लीकरण कळावं म्हणून हेच शंख तपासतात. शंख समुद्राने खाल्ला की तुझ्या बाटलीने, हे मग कुणालाच सांगता येणार नाही. उरलेला अर्धा भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. जिवांच्या अंगातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होतं, म्हणून २४ तासांनी बदल. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाक. इथेनॉलमध्ये पेनाची शाई पुसून जाते.

येत्या रविवारी एकाच जागी, एकाच खोलीवरून पाच वेळा जाळं ओढ. पाचही मोजण्या वेगळ्या येतील, कारण प्लवक पुंजक्यांनी राहतात. सरासरी काढू नकोस, पाचही आकडे तसेच पाठव.

तुझा शुभचिंतक